शिलालेखातले दोन मुकादम

सौदीत आल्यापासून शौकत मुकादमला एक गंमत पुरती पाठ झाली होती. रस्त्यावरच्या चौकीत पोलीस त्याचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचं ओळखपत्र, हातात घ्यायचा, नाव वाचायचा आणि त्याच्या मिशीखाली हसू फुटायचं. "मुकद्दम?" असं म्हणत तो टाचा जुळवून खोटा सलाम ठोकायचा. कारण तिथल्या पोलिसांत आणि सैन्यात मुकद्दम हा भला मोठा हुद्दा, मेजरच्याही वरचा. आणि गाडीत बसलेला हा मुकद्दम म्हणजे सिमेंटनं टाचा फुटलेला, चोपन्न वर्षांचा, दाभोळच्या खाडीकाठचा गवंडी. शौकतही हसून सलाम परत करायचा, इकामा खिशात ठेवायचा आणि 'यल्ला' म्हणून पुढे निघायचा.

अरबीत त्या शब्दाचा अर्थ पुढे ठेवलेला, हे त्याला एका जेद्दावाल्या टॅक्सीवाल्यानं सांगितलं होतं. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांपैकी कुणाला, कुणी आणि कशाच्या पुढे ठेवलं असेल, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात होता. असे बरेच प्रश्न त्याच्या डोक्यात असायचे. त्याची बायको मेहनाज म्हणायची, "ह्यांना विहीर दाखवा, आधी खोली विचारतील, मग पाणी पितील."

तेविसाव्या वर्षी तो जेद्दाला आला तो गवंड्याच्या हाताखालचा माणूस म्हणून. मग मक्केतल्या हॉटेलांच्या इमारतींवर वीस-बावीस वर्षं गेली. दोन वर्षांमागं कंपनीनं त्याला उत्तरेला, अल-उलाकडे पाठवलं. तिथून थोड्या अंतरावर अल-हिज्र हे जुनं नगर, डोंगर कोरून केलेल्या थडग्यांचं. आता ते बघायला जगभरातून लोक येतात. त्यांच्यासाठी पायवाटा बांधायच्या, आणि उत्खननवाले सांगतील तशी जुन्या मातीच्या विटांच्या भिंतीची डागडुजी करायची, हे काम. मेहनाजला ती बदली आवडली नव्हती. "तिथल्या लोकांवर अल्लाचा कोप झाला होता. त्या जागी थांबू नये, पाय उचलून पुढं निघून जावं, असं मोठी माणसं सांगत आली," ती फोनवर म्हणाली. शौकतनं तिला शब्द दिला, की तो भिंतीच्या कामावर असेल, थडग्यांत पाऊल टाकणार नाही. आणि तो त्यानं पाळला. पर्यटक आत फोटो काढत असताना हा बाहेर उन्हात उभा असायचा.

त्याच्या हाताखाली ब्याऐंशी माणसं होती. सिल्हेटकडचे, नेपाळचे, बिहारचे, चार-पाच पेशावरचे. शौकत सकाळी काम वाटून द्यायचा, भिंतीची रेषा स्वतः धरायचा, इंजिनिअरशी बोलायचा. बाकीचं सगळं, म्हणजे हजेरी, खोल्या, बिछाने, गावी जाण्याच्या रजेची यादी, हे नदीमकडे. नदीम मेहनाजच्या मावशीचा मुलगा. नऊ वर्षांपूर्वी शौकतनंच त्याला इकडे आणलं होतं. महिन्याच्या शेवटी नदीम यादी आणायचा, शौकत ओट्यावर कागद ठेवून सही करायचा. चष्मा बहुतेक वेळा डब्यातच असायचा.

नोव्हेंबरात जेद्दाजवळच्या थुवालच्या विद्यापीठातून एक बाई आल्या. बरोबर चार पेट्या, यंत्रं आणि एक ड्रायव्हर. मीठ दगडाला कसं खातं, याचा अभ्यास होता त्यांचा. तीन दिवस त्या भिंतीच्या दगडी पायाला यंत्र लावून आकडे लिहीत होत्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन वाजला आणि जवळच ओळंबा धरून बसलेल्या शौकतच्या कानावर पडलं, "अगं आई, भोपळा मिळतो इथं. घोसाळी नाही मिळत."

"घोसाळी जेद्दाला मिळतात, मॅडम," शौकत म्हणाला. "बंगाल्यांच्या बाजारात. शुक्रवारी जायचं."

बाईंनी फोन कानापासून दूर केला. मग हसल्या. नाव पद्मिनी, सांगलीच्या. त्या दिवशी चहा दोघांनी एकत्र घेतला आणि शौकतनं त्यांना सांगितलं, "उद्या फजरच्या नमाजानंतर लगेच या. कुठला दगड खारट आहे ते ऊन चढायच्या आत डोळ्यांना दिसतं. मिठाचा दगड ओल धरतो, काळवंडतो. आठ वाजले की सगळे सारखेच."

दुसऱ्या दिवशी पद्मिनी आल्या आणि बघत राहिल्या. यंत्रानं तीन दिवसांत जे दगड खारट म्हणून काढले होते, ते सगळे काळवंडून उभे होते. शिवाय आणखी दोन, जिथं यंत्र लावलंच नव्हतं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"खाडीनं," शौकत म्हणाला. "आमच्या घराचा पाया दर वर्षी घामेजतो."

त्या दिवसापासून पद्मिनी त्याला मुकादमचाचा म्हणू लागल्या. आणि एका दुपारी, चहाच्या वेळी, त्यांनी टॅबवर एक फोटो काढून त्याच्यापुढे धरला. एका दगडावर कोरलेली अक्षरं होती, इंग्रजीसारखी, पण वाचता येईनात.

"ही लॅटिन," पद्मिनी म्हणाल्या. "अठराशे वर्षांपूर्वीची. दगड इथंच सापडला. ह्या गावची तटबंदी जुनी होऊन ढासळली होती, ती गावानं स्वतःच्या खर्चानं पुन्हा बांधली, असं लिहिलंय."

"म्हणजे आपलंच काम."

"आपलंच. आणि कामावर देखरेख कुणाची, तेही लिहिलंय. हे बघा, पोम्पोनियस व्हिक्टर. आणि हा त्याचा जोडीदार, नुमिसियस क्लेमेन्स. रोमन सैन्यातले अधिकारी. सेंचुरियन."

शौकतनं टॅब जवळ घेतला. आता मात्र त्यानं चष्मा काढून लावला. "सैन्यातला माणूस भिंतीवर काय करतो?"

"तेच तर. सैन्यातला असला तरी रस्ते, भिंती, पूल, सगळं त्यांच्याच हातून व्हायचं. नावापुढं ही इंग्रजी सातासारखी खूण दिसते? ती सेंचुरियनची."

"त्याच्या हाताखाली माणसं किती?"

"शब्दाचा अर्थ बघाल तर शंभर. पण प्रत्यक्षात असायचे ऐंशीच्या आसपास."

शौकत इतका मोठ्यानं हसला, की चार नेपाळी गवंड्यांनी वळून बघितलं. "कागदावर शंभर, हजेरीला ऐंशी! अहो मॅडम, म्हणजे कंत्राटदार तेव्हापण होते!"

पद्मिनींना त्या दिवशी एवढंच माहीत होतं. त्या दगडाच्या अभ्यासक, रोमन सैन्याच्या नव्हेत. पण शौकत काही सोडणारा नव्हता. हा माणूस सेंचुरियन झाला कसा? वरून नेमायचे, की खालून चढत यायचा? ऐंशी माणसं झोपायची कशी? पद्मिनी थुवालला परतल्या तरी त्याचे प्रश्न आवाजी निरोपांतून जात राहिले. त्यांनीही विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढली, सुरुवातीला चाचांसाठी, नंतर स्वतःसाठी. आठवड्यातून दोनदा उत्तरं यायची आणि शौकत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कानाशी फोन धरून, डोळे मिटून ऐकायचा.

एका तंबूत आठ माणसं, हे ऐकून तो उठून बसला. त्याच्या छावणीतही एका खोलीत आठच पलंग होते. सेंचुरियन बहुतेक वेळा साधा शिपाई म्हणूनच सुरुवात करायचा, पंधरा-पंधरा वर्षं घासून वर यायचा, आणि मग त्याला आज इथं तर उद्या हजार कोसांवर पाठवलं जायचं. हे दोघे सीरियातल्या तळावरून आले असावेत. सेंचुरियनच्या शिरस्त्राणावरचा तुरा आडवा असायचा, या कानाकडून त्या कानाकडे, म्हणजे गर्दीतही माणसांना आपला म्होरक्या दिसावा. हे ऐकल्यावर शौकतनं आपलं पांढरं हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितलं.

मग सेंचुरियनच्या हाताखालचे लोक. एक निशाण धरणारा. शिपायांची साठवलेली शिल्लकही त्याच्याकडेच असायची. एक परवलीचा शब्द लाकडी पाटीवर घेऊन पहाऱ्यांना पोचवणारा. आणि एक सेंचुरियनचा दुय्यम. हा दुय्यम रांगेच्या मागं उभा राहायचा, हातात उंच काठी घेऊन. सेंचुरियन पुढं, तो मागं. कुणी पाय मागं घेतला, तर हा पुढं ढकलायचा. त्यांच्यातल्या काही जणांना एक खास नाव होतं, पद्मिनींनी सांगितलं, त्याचा अर्थ हुद्द्याच्या आशेवर असलेला.

"आशेवर," शौकतनं तो शब्द पुन्हा म्हणून बघितला.

त्याला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका काठीची. सेंचुरियनच्या हातात द्राक्षवेलीची काठी असायची. एक सेंचुरियन शिपायांच्या पाठीवर ती मोडेपर्यंत मारायचा आणि मोडली की ओरडायचा, "दुसरी आण!" तीही मोडली की पुन्हा, "दुसरी आण!" शेवटी शिपायांनी त्याचं नावच पाडलं 'दुसरी-आण'. एकदा बंड झालं, तेव्हा शिपायांनी त्यालाच ठार मारलं. शौकतला जेद्दाचा आपला पहिला फोरमन आठवला. तो काठीनं मारायचा नाही, पण पाण्याच्या पिंपाला कुलूप लावायचा. त्याचंही माणसांनी एक नाव पाडलं होतं, ते शौकतनं पद्मिनींना सांगितलं नाही.

"काय, भरती होताय का त्या रोमनांच्या सैन्यात?" मेहनाज फोनवर विचारायची. "निदान पगार विचारून घ्या."

जानेवारीत एक निरोप आला, जो शौकतनं दोनदा ऐकला. पद्मिनी सांगत होत्या, "चाचा, तुम्ही विचारलं होतं ना, रजा कोण द्यायचं? सेंचुरियनच द्यायचा. अवघड कामातून सूटही तोच द्यायचा. आणि त्यासाठी शिपाई त्याला पैसे द्यायचे. उघड रिवाजच होता म्हणे. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, तो खड्डे खणत राहायचा. पुढं एका सम्राटानं शिपायांकडून घेणं थांबवलं, पण सेंचुरियनचं मिळणं नाही थांबवलं. ते तो खजिन्यातून द्यायला लागला."

शौकतला हसू आलं. चहाला नदीम आला तेव्हा त्यानं ती गोष्ट त्यालाही रंगवून सांगितली. "ऐकलंस? रजा पाहिजे तर ओंजळ भरा!" नदीम हसला नाही. त्यानं कप अर्धा भरलेलाच खाली ठेवला आणि म्हणाला, "ट्रक आला असेल, बघून येतो." त्या दिवशी ट्रक यायचा नव्हता.

शौकतच्या डोक्यात प्रश्न एकदा शिरला, की तो आपोआप जात नसे. संध्याकाळी त्यानं मागच्या वर्षीच्या याद्या मागवल्या आणि चष्मा लावून वाचल्या. काही नावं वर्षात दोनदा होती. काही नावं कुठंच नव्हती. नसलेल्यांत पहिलं नाव मुआजचं. मुआज सिल्हेटचा, चाळिशीतला, विटांचा सगळ्यात चांगला कारागीर. चौतीस महिन्यांत तो एकदाही घरी गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौकत त्याच्याशेजारी विटा लावायला बसला. थोड्या वेळानं विचारलं, "मुआज, घर क्यूँ नहीं जाता?"

"इस साल रहने दो, भाई," मुआज म्हणाला. वीट ठेवून त्यानं ती मुठीनं ठोकली. "अभी देने को कुछ है नहीं।"

"किसको देने को?"

मुआजनं मान वर करून बघितलं. या माणसाला खरंच माहीत नाही, हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं सांगितलं. रोख रक्कम नाही, तसं काही नव्हतं. अत्तराची बाटली, फोनचं रिचार्ज, एखादं जाड ब्लँकेट, गावाकडून येताना आणलेली सुकी मासळी. नदीमभाई तोंडानं कधी मागत नाहीत. पण ज्यानं दिलं त्याचं नाव वर येतं. गेल्या वर्षी मुआजच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. ते त्यानं छावणीच्या जिन्यावर बसून फोनवर बघितलं. नेटवर्क दोनदा गेलं आणि निकाहच्या वेळी नेमकं गेलं.

"मुझे क्यूँ नहीं बोला?" शौकतनं विचारलं.

"साइन तो आपका था," मुआज म्हणाला.

हातातली वीट शौकतनं लावली, ती वाकडी लागली. मुआजनं ती काढून सरळ केली.

दुपारी सामानाच्या कंटेनरमध्ये त्यानं नदीमला गाठलं. आरडाओरडा करायचा नाही असं ठरवून गेला होता. "खरं आहे?" एवढंच विचारलं.

नदीम सिमेंटच्या गोणीवर बसला. आधी त्यानं नाही म्हटलं. मग म्हणाला, "लोक आपणहून देतात, दुल्हाभाई. नाही म्हणायचं का? वाईट वाटतं त्यांना."

"आणि जो देत नाही त्याला वाईट वाटत नाही?"

एकदम नदीमचा आवाज चढला. "तुम्ही पुढं असता. इंजिनिअर तुमच्याशी बोलतो, फोटो तुमचा निघतो, त्या मॅडम तुम्हाला चाचा म्हणतात. मागं कोण असतं? कुणाची गादी भिजली, कुणाचं पोट बिघडलं, कोण कुणाशी भांडला, सगळं माझ्याकडे येतं. नऊ वर्षं. दर वर्षी तुम्ही म्हणता, यंदा तुला फोरमन करायला सांगतो. सांगितलंत कधी? त्या याद्या तरी वाचल्यात कधी?"

शौकत दारात उभा होता. कंटेनरचा पत्रा तापला होता. नदीमच्या बोलण्यातलं जे चूक होतं ते त्याला लगेच दिसलं. जे बरोबर होतं ते पचायला संध्याकाळ लागली. खरंच त्यानं कधी सांगितलं नव्हतं. नदीम इतका चांगला सांभाळत होता, की तो गेला तर आपली अडचण होईल, म्हणून त्यानं ते दर वर्षी पुढं ढकललं होतं.

कंपनीला कळवलं असतं तर नदीमला दोन दिवसांत 'खलास', म्हणजे कामावरून कमी करून परत पाठवलं असतं. शौकतनं ते केलं नाही. बरोबर केलं की चूक, हे त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी दुपारी, जुम्म्यानंतर, जेवणाच्या हॉलमध्ये त्यानं सगळ्या ब्याऐंशी जणांना बसवलं आणि उभं राहून हिंदीत सांगितलं, की रजेच्या यादीत गडबड झाली, सही माझी होती, म्हणून गडबड माझी. यापुढं जो सगळ्यात जास्त दिवस घरी गेला नाही त्याचं नाव पहिलं. यादी या भिंतीवर लागेल, बंगाली, नेपाळी, हिंदी आणि उर्दूत, आणि कुणीही येऊन बोट ठेवून वाचावी. ज्यांनी काही दिलं असेल, त्यांना ते परत मिळेल.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरून एका बिहारी माणसानं विचारलं, "और पंचर हो गया तो?" म्हणजे ही यादीही मध्येच बसली तर. "तो मेरा नाम लेके इंजिनिअर के पास जाना," शौकत म्हणाला. तेव्हा कुठं थोडी हालचाल झाली, बाकं सरकली.

नदीमनं अत्तराच्या बाटल्या आणि ब्लँकेटं परत केली. काही बाटल्या अर्ध्या झाल्या होत्या. शौकतशी तो बोलेनासा झाला, आणि महिन्याभरात यान्बूच्या कामावर बदली मागून निघून गेला. जाण्याआधी शौकतनं त्याच्यासाठी इंजिनिअरकडे शब्द टाकला, की हा माणूस फोरमन व्हायला तयार आहे. झालेलं मात्र लपवलं नाही. "तरीही?" इंजिनिअरनं विचारलं. "तरीही," शौकत म्हणाला. "पण आधी लहान टोळी द्या. आणि याद्या वाचत जा." मेहनाजला मात्र हे काही पटलं नाही. मावशीच्या घरातून तिला फोन आले होते. ती आठ दिवस नवऱ्याशी फक्त हो-नाही एवढंच बोलली, आणि नवव्या दिवशी म्हणाली, "त्या मुआजची मुलगी कशी आहे?"

मुआज फेब्रुवारीत घरी गेला.

मार्चमध्ये पद्मिनी शेवटची मोजणी करायला आल्या. काम आटोपल्यावर दोघं जुन्या तटबंदीच्या कडेला उभे राहिले. ऊन उतरायला लागलं होतं. शौकतनं जे घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःचा भाग न गाळता. पद्मिनी ओशाळल्या. "मी ती रजेची गोष्ट सांगायला नको होती."

"का? ती नसती सांगितली तर मी अजून न वाचता सह्या करत असतो." मग त्यानं विचारलं, "मॅडम, त्या दगडावर अजून कुणाचं नाव आहे का? त्या दोघांखेरीज?"

"आहेत ना. सगळ्यात वर सम्राटाचं, मग सुभेदाराचं. आणि सगळ्यात शेवटी एक इथला माणूस. अम्र, हय्यानचा मुलगा. काम त्यानं सांभाळलं, असं लिहिलंय. त्याला म्हटलंय ह्या लोकांमधला पहिला."

"पहिला," शौकत म्हणाला. "म्हणजे मुकद्दम."

पद्मिनींच्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्या हसायला लागल्या, पण शौकत विचारात पडला होता. गाव याचं, खर्च गावाचा, माणसं याची. मग सीरियाहून दोन अधिकारी कशाला? त्यांनी याला मदत केली, की याच्यावर नजर ठेवली? आणि विटा कुणी बनवल्या, पाणी कुठून आणलं, घरी जायला कुणाला मिळालं?

"ते कुठंच लिहिलेलं नाही, चाचा."

"शोधणारे शोधतायत ना अजून?"

"शोधतायत."

"मग मिळालं की कळवा. मी इथं आहे अजून दोन वर्षं."

पद्मिनींची गाडी निघून गेली. यंत्रांच्या पेट्या ठेवल्या होत्या तिथं मातीवर चार चौकोन उमटले होते. शौकतनं ते फावड्यानं सारखे केले, कारण सकाळी तिथून पायवाटेची रेषा पुढं न्यायची होती.

जूनमध्ये, दुपारच्या सुट्टीत, यान्बूहून फोन आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. नदीमला तिथं वीस माणसांची टोळी मिळाली होती. सलाम झाला, तब्येतीची विचारपूस झाली. मग नदीम म्हणाला, "ती भिंतीवरची यादी. तिचा एक फोटो पाठवाल? रकाने कसे पाडलेत ते बघायचंय."

"पाठवतो," शौकत म्हणाला.

मागं नदीमकडची मिक्सर गाडी फिरत असल्याचा आवाज येत होता.

"तिकडं वारा सुटलाय का?" नदीमनं विचारलं.

"सकाळपासून," शौकत म्हणाला, आणि फोन कानाशी धरूनच जेवणाच्या हॉलकडे चालू लागला.